पुसेगावातले ‘पुसे’

पुसेगाव दोन आहेत. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले पुसेगाव सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. दुसरे हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. इकडच्या माणसाने परगावी आपल्या गावाचे नाव सांगितले की समोरचा विचारतो, ‘साताऱ्याकडचं का?’ मग सेनगाव, हिंगोली, औंढा, नरसी अशी नावे घेत ओळख पटवावी लागते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी ही यादी परभणीपासून सुरू व्हायची.

या लेखातले पुसेगाव हिंगोलीचे, आणि मला लिहायचे आहे ते त्याच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांबद्दल. ‘गाव’ कळते, ‘पुसे’ कळत नाही. न कळणाऱ्या नावाचा अर्थ शोधणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही मागे जातात: शब्द कुठून निघाला, कोणत्या ध्वनीचा कोणता झाला. काही आजूबाजूला बघतात: हे नाव आज कोण घेतो, त्यातून त्याला काय कळते. दोन्ही प्रकारची माणसे मला भेटत आली आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही. त्यांचे बोलणे मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातले आहे. मामा हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. भाची तलाठी; गावांची, शिवारांची आणि शेतांची नावे तिच्या हाताखालून रोज जातात. माझा कल कुणाकडे आहे ते वाचताना कळेलच, मी ते झाकलेले नाही.

भाची : मामा, नावाला अर्थ असलाच पाहिजे का? मी सातबाऱ्यावर ‘पुसेगाव’ वाचते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शिवार येतं, गट येतात, धुऱ्यावरून भांडणारे दोघे भाऊ येतात. गाव ओळखू आलं, नावाचं काम झालं.

मामा : काम झालं, पण नाव कुठून आलं ते राहिलंच. कुणीतरी कधीतरी या जागेला ‘पुसे’ म्हणालं. त्याच्या मनात काही तरी होतं. अर्थाशिवाय कुणी नाव ठेवत नाही.

भाची : मग अर्थ समोरच आहे की. पुसणे म्हणजे विचारणे. आपल्याकडं म्हातारी माणसं अजून म्हणतात, ‘त्याला पुसलं का?’ विचारपूस यातला ‘पूस’ तोच. अन् जुन्या कवितेत ‘पुसे’ म्हणजे ‘विचारतो’. वाटसरू जिथं थांबून वाट पुसतो ते पुसेगाव.

मामा : मग दुसऱ्यानं म्हणावं, पुसणे म्हणजे पाटी पुसणे, डोळे पुसणे. एखादं गाव उजाड झालं, पुसलं गेलं, पुन्हा वसलं, म्हणून पुसेगाव. हेही तितकंच गोड लागतं. दोन्ही खरं कसं असेल?

भाची : एकाच शब्दाचे दोन अर्थ, दोन्ही चालतात.

मामा : इथंच थांब. तो एक शब्द नाही. विचारण्याचं ‘पुसणे’ संस्कृतातल्या प्रच्छ् धातूकडून येतं. प्राकृतात त्याचं ‘पुच्छ’ झालं. साफ करण्याचं ‘पुसणे’ निराळं. हेमचंद्रानं बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात ‘मृज्’ म्हणजे घासून-पुसून साफ करणे या धातूचे प्राकृत पर्याय दिलेत. त्यात ‘पुंछ’ आहे, ‘फुस’ आहे आणि ‘पुस’ तर जसाच्या तसा आहे. पायपुसणं, पुसट अक्षर, तोंडाला पानं पुसणं, हे सगळं त्या घराण्यातलं. विचारपूस दुसऱ्या घराण्यातली. मराठीत येईपर्यंत दोघांचा उच्चार एक झाला, एवढंच.

भाची : पुच्छ चं पुस होतं हे कशावरून? तुम्ही म्हणता म्हणून?

मामा : तू रोज बोलतेस त्यावरून. संस्कृतातला मत्स्य, प्राकृतात मच्छ, तुझ्या ताटात मासा. इक्षु, उच्छु, ऊस. पिच्छ, मोराचं पीस. वत्स, वच्छ, आपल्या गोठ्यातलं वासरू. प्राकृतातला ‘च्छ’ मराठीत येताना ‘स’ होतो. तसंच पुच्छ चं पुस. ही सवय भाषेला लागली की ती शब्द बघून बदलत नाही. मासा असो, वासरू असो, विचारणं असो.

इथे मला मध्ये बोलायचे आहे, कारण या नियमाचा सगळ्यात मोठा साक्षीदार पुसेगावच्या शेजारीच उभा आहे. सेनगाव तालुक्याच्या उत्तरेला वाशीम जिल्हा लागतो. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमलाच सापडला. तो दिलाही गेला वत्सगुल्मातून, आणि त्यातले नांदीकड म्हणजे आजचे नांदेड असे अभ्यासक मानतात. वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम झाले. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त विदर्भाच्या काव्यरीतीला ‘वच्छोमी’ म्हटले आहे, ते याच नगरावरून. आणि वच्छोमचे पुढे वाशीम. वासरातला ‘वास’ आणि वाशीममधला ‘वाश’ एकाच ‘वत्स’चे. सोळाशे वर्षांत शहर इतके बदलले, पण ज्या रस्त्याने त्याचे नाव चालत आले तो रस्ता आजही मोजता येतो. नावाच्या मुळाचा शोध म्हणजे पंडितांचा फावल्या वेळचा छंद, असे म्हणणाऱ्यांना मी वाशीमकडे बोट दाखवतो.

भाची : ठीक, नियम मान्य. पण मग तुमच्याच नियमानं माझा ‘विचारण्याचा’ अर्थ टिकला. पुच्छ चं पुस झालं, पुसेगाव झालं.

मामा : ध्वनीच्या बाजूनं टिकला, व्याकरणाच्या बाजूनं नाही. ‘पुसे’ म्हणजे ‘विचारतो’ हे चालतं क्रियापद. चालत्या क्रियापदाला ‘गाव’ जोडून पडलेलं एखादं नाव सांग. बसेगाव? जाईगाव? तुझ्याकडं तालुक्याची यादी आहे.

भाची : नाही सापडणार. पण फुलाचा अर्थ? पुसदला फुलांशी जोडणारे मला भेटलेत. पुष्प, पूस, पुसद. मग पुसेगावही फुलांचं गाव. ऐकायला किती छान आहे.

मामा : छान आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते. बाष्प या शब्दाचं मराठीत काय झालं?

भाची : वाफ.

मामा : बाष्प, बप्फ, वाफ. ‘ष्प’ चा ‘फ’ होतो. पुष्पाचं प्राकृतात पुप्फ झालं; मराठीत उतरलं असतं तर त्याच्या शेपटाला ‘फ’ राहिला असता. ‘स’ कुठून आणायचा? आता मनुष्याचं काय झालं ते सांग.

भाची : माणूस.

मामा : मनुष्य, मणुस्स, माणूस. ‘ष्य’ चा ‘स’. मग पुष्य नक्षत्राचं?

भाची : पूस.

मामा : पुष्य, पुस्स, पूस. फुलाला वाफ आडवी येते, नक्षत्राला माणूस साक्ष देतो. पौष महिन्याला पूस म्हणतात ते याचमुळं. त्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र पुष्याजवळ असतो.

भाची : मग गावाला महिन्याचं नाव? आपल्याकडं पौषात लग्न धरत नाहीत, अन् गावाचं नाव त्यावर ठेवतील? शिवाय पुष्य म्हटलं की पुण्या-मुंबईकडं सोनं घेतात, गुरुपुष्यामृत. आपल्या शेतकऱ्याचं पुष्य म्हणजे पाऊस. पुनर्वसूचा तरणा अन् पुष्याचा म्हातारा. जुलै सरता-सरता सोयाबीन, तूर, हळद सगळं त्याच्या भरवशावर उभं असतं. आखाड्यावर बसलेला माणूस ‘म्हातारा लागला’ म्हणतो, ‘पूस लागला’ म्हणत नाही. त्याच्या तोंडात नसलेला शब्द गावाच्या नावात कसा?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कोशात बसून उत्तर देणाऱ्याला तो सुचत नाही. नक्षत्राचे नाव पंचांगात एक आणि वावरात दुसरे असते, आणि गावाला नाव देणारा माणूस बहुधा वावरातला असतो.

मामा : बरोबर बोललीस. म्हणून मी गावाचं नाव थेट नक्षत्रावरून पडलं असं म्हणत नाही. मधे एक माणूस आहे. जुन्या काळी ज्या नक्षत्रावर मूल जन्मलं त्यावरून त्याचं नाव ठेवायचे. पाणिनीनं त्यासाठी सूत्रच केलंय. त्यात तिष्य आहे, अन् तिष्य म्हणजे पुष्यच. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात ‘पुस’ आहे, ‘पुसरखित’ आहे. साधी माणसं ती, कुणी व्यापारी, कुणी भिक्षू. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ‘पुस’ हे चालतं-बोलतं माणसाचं नाव होतं.

भाची : सांची इथून किती लांब!

मामा : लांब आहे. पण नक्षत्रावरून नाव ठेवायची रीत एका जागेची नव्हती. आता तू ‘पुसे’ मधला ‘ए’ बघ, मला सगळा भरवसा त्या ‘ए’ चा आहे. झाडावरून पडलेली नावं घे. वडगाव, पिंपळगाव, निमगाव. आपल्याच तालुक्यातलं पानकनेरगाव, त्यातली कण्हेर. झाड थेट गावाला चिकटतं, मधे सहसा ‘ए’ येत नाही. आता दुसरी बाजू घे: गोरेगाव, आजेगाव, पुसेगाव. तिन्ही आपल्या सेनगाव तालुक्यातली. इथं ‘ए’ आहे. मराठीत असा ‘ए’ कुठं येतो? मोरे, शिंदे, गोरे. घराण्याच्या नावात. आकारान्ताचं अनेकवचन. घोटकचा घोडा होतो तसा पुष्यकचा पुसा; एक पुसा, अनेक पुसे. पुशांचं गाव.

भाची : तळेगावात पण ‘ए’ आहे. तिथं तळे नावाचं घराणं होतं?

मामा : तळे हा शब्दच एकारान्त. म्हणून मी म्हणतो, शब्द सुटा बघू नये. पण ‘पुसे’ नावाची एकारान्त वस्तू आहे का? तळ्यासारखी, केळ्यासारखी?

भाची : मला तरी ठाऊक नाही.

मामा : आता सातारा बघ. खटाव तालुक्यात पुसेगाव आहे अन् त्याच तालुक्यात पुसेसावळी आहे. सावळ्या पुष्कळ, म्हणून ही कुठली ते सांगायला पुढं ‘पुसे’ लावलं. आपल्याकडं कनेरगाव दोन झाले तेव्हा एकाला पान लावलं अन् दुसऱ्याला नाका, तसंच. म्हणजे ‘पुसे’ ‘गाव’ ला जन्मापासून चिकटलेला नाही. तो सुटा होऊन सावळीलाही लागतो. ओळख पटवायला माणसाच्या किंवा घराण्याच्या नावासारखं दुसरं काय?

मामांच्या या युक्तिवादात मला जोर दिसतो, आणि त्यांच्या हाती काय नाही तेही दिसते. पुसे नावाचे घराणे इथे वसल्याचा लेख त्यांनी पुढे ठेवलेला नाही. त्यांनी ठेवली आहे ती शेजारच्या नावांची रांग. अशा रांगेतून कल कळतो, निकाल लागत नाही. पण कल कळणे ही लहान गोष्ट नव्हे. पुष्प बाद होते, क्रियापद बाद होते, आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतली दोन पुसेगावे एका खुलाशात बसतात. नदीचा खुलासा तेवढाही टिकत नाही. पूस नावाची नदी खरोखर आहे. वाशीमकडून पुसदवरून वाहत ती पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगा हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेने जाते. म्हणून आपल्या पुसेगावाला त्या नदीचे नाव जोडण्याचा मोह होतो. पण साताऱ्याचे पुसेगाव येरळेच्या खोऱ्यात आहे. तिथे पूस नदी कुठून आणणार?

भाची : मामा, तुमचा पुसा मी मानते, असं समजू. पण मला सांगा, लोकांनी लावलेला अर्थ खोटा अन् पंडिताचा खरा, हे कुणी ठरवलं? तलाठ्याच्या परीक्षेच्या वेळी मी पुण्याचं वाचलं होतं. राष्ट्रकूटांच्या ७५८ च्या ताम्रपटात ‘पुण्य विषय’ आहे अन् ७६८ च्या ताम्रपटात ‘पूनक विषय’. म्हणजे ‘पुण्य’ हा गोड अर्थ साडेबाराशे वर्षांपूर्वीच लागलेला होता. इतका जुना गैरसमज हा गैरसमज राहतो का? तो त्या गावाचा इतिहासच झाला.

मामा : दहा वर्षांच्या अंतरावरून पुण्य आधी की पूनक आधी हे ठरत नाही. ताम्रपट लिहिणारा संस्कृत जाणणारा असतो, तो बोलीतलं नाव घासूनपुसून लिहितो. पण तुझं म्हणणं मी टाकून देत नाही. लोकांनी लावलेला अर्थही अभ्यासायचा असतो. मूळ म्हणून नाही, त्या लोकांची गोष्ट म्हणून.

भाची : मग नरसी घ्या. नरसिंहावरून नरसी, ते तुम्हाला चालतं. तिथून वाहणारी नदी कयाधू. कयाधू म्हणजे हिरण्यकशिपूची बायको, प्रल्हादाची आई. नदीला आईचं नाव अन् तिच्या काठच्या गावाला तिच्या लेकराला वाचवणाऱ्या देवाचं. हे कुणा पुशानं येऊन वसवलेलं नाही. कुणीतरी भागवताची कथा या जमिनीवर मांडली. आता नदीचं मूळ नाव कुठल्या भाषेतलं, काय ध्वनी होता, हे शोधून तुम्ही त्या कथेपेक्षा मोठं काय आणणार?

मामा : मोठं नाही, आधीचं. कथा ऐकून नाव ठेवलं की नाव ऐकून कथा बेतली, एवढंच मला बघायचं असतं. कधी आधी मूर्ती असते, मग गाव; कधी गावाचं नाव जुनं असतं अन् देव नंतर येतो. औंढ्याचंच बघ. त्याचं जुनं नाव आमर्दक सांगतात. ग्रामचा गाव होताना ‘म’ चा ‘व’ झाला, तसाच आमर्दकचा आंवढा अन् मग औंढा होऊ शकतो. हे कळलं की औंढ्याचा धागा आमर्दक नावाच्या शैवांच्या परंपरेपर्यंत पोचतो. नाव नुसतं गोड मानून ठेवलं असतं तर तो धागा हातात आलाच नसता.

नरसीचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, कारण नावाची गल्लत किती महाग पडते ते तिथे दिसते. संत नामदेवांचा जन्म १२७० चा. जन्मस्थान म्हणून परंपरा नरसी-बामणीचे नाव घेते. ते हिंगोलीजवळचे नरसी, असे आपण मानतो, आणि आज गावाचे नावच नरसी नामदेव झाले आहे. पण काही अभ्यासकांनी कऱ्हाडजवळचे नरसिंगपूर सुचवले होते. हिंगोली आणि साताऱ्याकडचा मुलूख, पुन्हा तीच जोडी. नरसिंहाच्या नावाची गावे दोन्हीकडे असल्याने, ज्यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात गेली त्या नामदेवांच्या पाळण्याची जागासुद्धा वादात पडली. नुसत्या नावावर विसंबले की असे होते. नाव, त्याच्या शेजारची नावे, बोलीतले उच्चार, कागद आणि कथा ही सगळी एकत्र बघावी लागतात.

भाची : कागदाचं म्हणाल तर मी सांगते. तुमचा सगळा डोलारा ऱ्हस्व-दीर्घावर अन् एका ‘ए’ वर उभा आहे. आपले जुने कागद मोडीत. मोडीत उकार एकच. पु लिहा की पू, सारखाच. वर निजामाच्या राज्यात महसुलाचं दप्तर आधी फारसीत, मग उर्दूत. उर्दूत पे, वाव, सीन, ये. त्याला पुसे वाचा, पूसे वाचा, पोसे वाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला अन् नावं पुन्हा देवनागरीत आली, ती कुणाच्या तरी कानावर भरवसा ठेवून. कागद मधे दोनदा मुका झाला होता, मामा. बोलत राहिली ती माणसं. नाव त्यांच्या जिभेवरून आपल्यापर्यंत आलं.

मामा : हे तू माझ्याविरुद्ध म्हणून सांगतेस, पण हाच माझा आधार आहे. जिभेला सवयी असतात, त्या सवयींनाच मी नियम म्हणतो. कागद मुका झाला तरी माणूसचा मणुस्स झाला नाही अन् वाशीमचा वच्छोम झाला नाही. अन् मोडीच्या बाहेरचेही कागद आहेत. महानुभावांची स्थानपोथी घे. चक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले त्या गावांची, देवळांची, कुठल्या दिशेला दार होतं याची नोंद त्यात आहे. गावांची जुनी रूपं तिथं सापडतात. तुळपुळे अन् फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ चा. तुझ्या जिल्ह्याच्याच वयाचा.

भाची : आता माझं ऐका. गाव नमुना सात असतो ना, सातबाऱ्याचा वरचा भाग, त्यात एक रकाना आहे: ‘शेताचे स्थानिक नाव’. भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादार सगळं भरलेलं असतं. हा रकाना किती तरी वेळा कोरा. गावात जा, प्रत्येक वावराला नाव आहे. खारी, मळई, बरड, चिंचेचं, देवाचं, इनामी. माणूस गट नंबर सांगत नाही, ‘खारीत हाय’ म्हणतो. ती नावं कुठंच लिहिलेली नाहीत. म्हातारी माणसं गेली, वाटण्या झाल्या, प्लॉट पडले की नाव गेलं. तुम्ही हजार वर्षांपूर्वीच्या पुशाच्या मागं आहात, अन् माझ्या डोळ्यांपुढं या वर्षी नावं मरतायत. मला राग त्याचा येतो.

मामा : ती नावं मला दे. मी तुझ्या पाया पडतो, माय, ती लिहून ठेव. खारी म्हणजे तिथल्या पाण्याची, मातीची चव. मळई म्हणजे नदीनं गाळ आणून टाकला होता. आज नदीनं पात्र बदललं असेल, तरी मळई सांगते की नदी इथून जायची.

भाची : सगळीच नावं अशी पाण्याची-मातीची नाहीत. ‘हाडोळा’ म्हणून एक वावर असतं.

मामा : असतं. महारांच्या वतनाची जमीन.

भाची : पुढं ती विकली गेली, धनी बदलले, पण नाव हाडोळाच. सांगा, हे नाव रकान्यात लिहू? २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. मला तो बरोबर वाटतो. कुणाच्या घराचा पत्ता म्हणजे त्याच्या जातीवरचं बोट, हे चालू नये. तुमच्या साफ करण्याच्या ‘पुसणे’ चा असाही एक उपयोग आहे.

मामा : वस्तीचं नाव बदललंच पाहिजे. तिथं माणूस राहतो, रोज तो पत्ता सांगतो. पण हाडोळा पुसू नकोस. ती जमीन कुणाची होती, कोणत्या कामाच्या बदल्यात दिली होती अन् आज कुणाकडं आहे, याचा पुरावा त्या एका शब्दात आहे. तो गेला तर ज्यांची जमीन गेली त्यांच्याकडं बोलायला शब्दही राहणार नाही.

भाची : तो शब्द ठेवायचा की नाही हे तुम्ही अन् मी ठरवणार? ज्यांचं वतन होतं त्यांना आधी पुसलं पाहिजे.

मामा : पुसलं पाहिजे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

या जागी मला भाचीचे म्हणणे मामांपेक्षा मोठे वाटते. आपल्याकडच्या व्युत्पत्तीच्या अभ्यासाला एक जुनी खोड आहे: नाव दिसले की त्याला संस्कृतातले एखादे उजळ मूळ शोधून द्यायचे. वि. का. राजवाड्यांसारख्या अफाट कष्ट केलेल्या संशोधकालाही ती चुकली नाही. फुलांचे गाव, पुण्याचे गाव, देवाचे गाव. हाडोळ्याला मात्र कुणी असे मूळ शोधून देत नाही. त्याचा अर्थ अख्ख्या गावाला ठाऊक असतो, म्हणूनच त्याबद्दल बोलणे टाळले जाते. पुष्पाला ‘वाफ’ दाखवून बाजूला सारणारी शिस्त जितकी गरजेची, तितकीच हाडोळा लिहिण्याआधी कुणाला विचारायचे हे जाणणारीही.

भाची : ते जाऊ द्या. पुसेगावाकडं परत येऊ. तुमचा पुसा मी अजून मानलेला नाही. काय सापडलं तर तुम्ही तो मागं घ्याल?

मामा : तीन गोष्टी. एखाद्या जुन्या लेखात या गावाचं नाव ‘पुसे’ सोडून दुसरंच निघालं, समजा मधे एक अक्षर जास्त निघालं, तर माझं सगळं पडलं. दुसरी, ‘पुसे’ किंवा ‘पुसा’ हा शब्द कुठल्या गावात गवताला, झाडाला, मातीच्या जातीला वापरतात असं कळलं, तर माणूस बाजूला ठेवून मी मातीकडं जाईन.

भाची : दुसरी मी बघू शकते. शेतांची नावं विचारताना हेही विचारता येईल. नुसतं ‘पुसे म्हणजे काय’ असं विचारलं तर लोक मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतील. त्याऐवजी विचारीन, ‘अमक्या वावराला काय म्हणता?’ आलं तर आपोआप येईल. तिसरी काय?

मामा : पुसेसावळी. तिथली जुनी माणसं आपसात बोलताना गावाला नुसतं ‘सावळी’ म्हणतात का? म्हणत असतील तर ‘पुसे’ बाहेरून लागलं, माझं बळ वाढलं. अन् ‘पुसे’ कधीच सुटत नसेल, तर मला पहिल्यापासून मांडणी करावी लागेल.

भाची : तिकडच्या एखाद्या तलाठ्याला फोन लावून विचारते. अन् तोवर तुम्ही मला तुमची ती ‘ए’ ची यादी द्या, आपल्या जिल्ह्याची. गोरेगाव, आजेगाव झाली. आणखी किती आहेत ते मी आमच्या गावांच्या यादीवरून काढते. झाडाच्या नावात एक जरी ‘ए’ सापडला तरी मी तुम्हाला लगेच कळवीन.